‘4 जीबी बफर’ सांगून 64,900 ला टोपी घातली

संभाजीनगरच्या एका दुकानदारानं वापरलेला 24 पोर्टांचा नेटवर्क स्विच (इंटरनेटच्या तारा जोडून डेटा वाटणारा डबा) मला “4 जीबी बफर” म्हणून गळ्यात मारला. 55,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 64,900 रुपये. 20,000 आगाऊ, 44,900 माल उचलताना. अंबाजोगाईत माझा घरोघर इंटरनेट द्यायचा धंदा आहे. वरून 10 गिगाची (सेकंदाला 10 गिगाबिट) लाइन, खाली 1 गिगाचे पोर्ट. बफरचं काम पडतं ते इथंच: वरून भसकन आलेला डेटा खाली जाईपर्यंत त्यात थांबतो.

दुकानात त्यानं लॅपटॉपवर कमांड मारली, 4 जीबीच्या ओळीवर बोट ठेवलं. मी विचारलं, “हे पोर्टांचंच ना?” तर म्हणतो, “भाऊ, मेमरी एकच असते, सगळे पोर्ट तीच वाटून घेतात.” तिथंच कान टवकारायला पाहिजे होते! ती मेमरी प्रोसेसरची, स्विचची सिस्टिम चालवणारी. पॅकेटं (डेटाचे तुकडे) थांबतात ते बफर वेगळं, स्विचिंग चिपमधलं. या मॉडेलात ते निघालं 2 एमबी, सगळ्या पोर्टांत मिळून. 4 जीबी खरंच एका 1 गिगाच्या पोर्टामागं तुंबलं असतं तर उपसायला 32 सेकंद लागले असते. पण काउंटरवर उभ्या उभ्या हा हिशेब कोण करतं? शिवाय पोर्ट बफर वाटून घेतात हे खरंच आहे. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडणार कसं?

संध्याकाळी मॅच लागली की गिऱ्हाइकांचे फोन. ग्राफवर 1 गिगाचा, म्हणजे 1000 एमबीपीएसचा पोर्ट 300 एमबीपीएसच्याही खाली. पण ती पाच मिनिटांची सरासरी हो! 10 गिगानं झटका आला की 2 एमबी दोन मिलिसेकंदांच्या आत भरतं, पुढची पॅकेटं सरळ फेकली जातात. ग्राफ थंड, आउटपुट ड्रॉपचा (फेकलेल्या पॅकेटांचा) आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळतोय. घेण्याआधी 10 गिगातून आत, 1 गिगातून बाहेर असा ट्रॅफिक सोडून हा आकडा बघाच. दुकानदार म्हणे, तुमचा फायबरच खराब. त्याच्या नादी लागून 3,200 स्प्लायसिंगवर (फायबरचे जोड नव्यानं करण्यावर) घातले ते वेगळेच.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “मेमरी आहे ना 4 जीबी? मग फसवणूक कसली? दिवाणीत जा.” बिलावर नुसतं “4 जीबी मेमरी” छापलंय ना! (“पॅकेट बफर” असं लिहून घ्या. डेटाशीट, म्हणजे मालाचा तांत्रिक तपशील, कंपनीच्या साइटवरूनच काढा, दुकानदारानं व्हॉट्सॲपवर टाकलेली नको.) सायबरवाले म्हणाले, माल दुकानातून घेतला, आमच्याकडं कामून आलात? 20,000 यूपीआयनं गेले, ते काय बैलगाडीतून गेले? ग्राहक तक्रारीला गेलो तर टेबलामागचा माणूस म्हणतो, धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, स्वयंरोजगारातून केवळ पोट भरायला घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात बसते, तसं स्पष्टीकरणच आहे त्यात. अर्ज न वाचताच परत.

परवा त्याच दुकानदाराचा मेसेज आला: “भाऊ, जास्त बफरवाला आलाय, 1,10,000. जुना 15,000 ला परत घेतो.”