थंडीतली मेट्रो: कोथरूडच्या एका ॲक्टिव्हावालीचा अभिप्राय

थंडीत पुण्याची हवा सगळ्यात वाईट असते ती सकाळी, आणि आपण सगळे नेमके तेव्हाच गाड्या काढतो. जमिनीलगतची हवा गार, तिच्यावर उबदार हवेचं झाकण, भोवती टेकड्या. धूर जाणार कुठे? त्यात वॉचमनकाकांची शेकोटी. पालापाचोळा, खोकी आणि हमखास एखादी प्लास्टिकची पिशवी. मला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे या थंडीत ऑफिससाठी ॲक्टिव्हा बंद आणि वनाझ ते कल्याणीनगर मेट्रो सुरू.

मार्च २०२२ मध्ये ही मेट्रो वनाझहून जेमतेम गरवारेपर्यंत जायची. लोक नातवंडांना घेऊन हौसेनं चक्कर मारायचे आणि परत यायचे. मार्च २०२४ मध्ये ती कल्याणीनगरवरून पुढे रामवाडीपर्यंत गेली आणि आमच्यासारख्यांच्या खऱ्या कामाची झाली. वनाझ ते रामवाडी तिकीट ३० रुपये. पैसे वाचतील म्हणून मेट्रो घ्या, असं मात्र मी सांगणार नाही. पुढच्या रिक्षाचे धरले तर पेट्रोलच स्वस्त पडेल.

फायदा नाकाला आहे. डब्यातली हवा काही महाबळेश्वरची नसते. फलाट उघडे आहेत, दर स्टेशनला दारं उघडतात, बाहेरचे बारीक कण आत येणारच. पण नळस्टॉपच्या सिग्नलला टेम्पोच्या सायलेन्सरसमोर तोंड करून उभं राहणं सुटतं. मला संध्याकाळी घशात जी खवखव व्हायची, ती बरीच कमी झाली.

मैत्रिणी म्हणतात, स्कार्फ बांधतेस की! स्कार्फनं ऊन अडतं, मोठी धूळ अडते, ओळखीचे लोकही अडतात. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, अडत नाहीत. त्यांना एन-९५ मास्कच लागतो, तोही नाकावरची पट्टी नीट दाबून. वरून हेल्मेट चढवलं की मास्क सरकतो, फट पडते आणि चष्म्यावर वाफ धरते. चष्मा धुरकटला की समजायचं, हवा कडेनं ये-जा करतेय. मेट्रोत तोच मास्क निवांत बसतो.

हवेचं ॲप बघणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे पीएम २.५ चा आकडा ५५ असला तरी आपल्याकडे हवा ‘समाधानकारक’! ज्याला दमा आहे त्यानं शब्दावर जाऊ नये, आकडा बघावा.

तक्रार स्टेशनबाहेरची आहे. जवळचं अंतर ऐकलं की रिक्षावाले मान फिरवतात. चालायचं तर वाहत्या रस्त्याच्या कडेनं, म्हणजे मेट्रोत वाचवलेला धूर इथं वसूल. मी आतल्या गल्लीनं जाते. थोडा वळसा पडतो, पण झाडं आहेत आणि ट्रक नाहीत.

मंडईत जायचं असेल किंवा आईला डॉक्टरकडे न्यायचं असेल, तर ॲक्टिव्हाला पर्याय नाही. ती कामं मी दुपारवर ढकलते. उन्हानं जमीन तापली की ते झाकण सुटतं आणि हवा जरा खेळती होते. नुसतं अनुभव म्हणून बसून बघायचं असेल तर शनिवार-रविवार गाठा, तिकिटावर ३० टक्के सूट असते.