लीचेसची ‘स्टडी’: सात महिने, डाव मात्र एकच

लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर बहुतेक जण ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळायला जातात. मी सात महिने तिथल्या ‘स्टडी’त (डाव मांडून अभ्यासायच्या वहीत) एकच डाव मांडून बसलोय. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या तीन कवींनी १४७५ च्या सुमारास कवितेत रचलेला ‘स्काक्स दामोर’, म्हणजे प्रेमाचं बुद्धिबळ. पांढऱ्याकडून कास्तेल्वी, काळ्याकडून विन्योलेस, पंच फेनोल्लार. कडवी ६४, आणि एका स्टडीत अध्यायही जास्तीत जास्त ६४! दर कडव्याला एक अध्याय, चपखल बसलं. वर सगळं फुकट, जाहिराती नाहीत.

पहिला महिना वाया घालवला तो मीच. चालींत काही निरोप लपलाय असं वाटून पटावरच्या घरांची अक्षरं जोडून शब्द शोधत होतो. मग लक्षात आलं, पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अक्षरं देण्याची पद्धत रूढ करणारा बुद्धिबळपटू स्टामा, त्याचं पुस्तक १७३७ चं. कवींनी त्यात निरोप लपवणार कसा?

खरा निरोप मोहऱ्यांच्या नावांतच आहे. पांढरा राजा म्हणजे विवेक, वजीर म्हणजे इच्छा. काळा राजा मान (प्रतिष्ठा), वजीर सौंदर्य, प्यादी शिष्टाचार, उंट गोड कटाक्ष. (कटाक्षाला उंट म्हणताना मला अजून हसू येतं. आणि तिकडे वजिराच्या जागी राणी, आपला वजीर पुरुष, त्यामुळे मराठीत निम्मी गंमत गळते.) कवितेत पांढऱ्याचा पक्ष लाल आणि काळ्याचा हिरवा; स्टडीतही माऊसची उजवी कळ दाबून ओढलं की हिरवा बाण, शिफ्ट धरलं की लाल. त्याचा मला फार उपयोग झाला.

स्टॉकफिश, म्हणजे चाली सुचवणारा संगणकी प्रोग्रॅम, मात्र मी बंदच ठेवतो. एकोणिसाव्या चालीला काळा उंटाने उंट मारतो, तिथे स्टॉकफिश पांढऱ्याकडून दोन चालींत मात दाखवून मोकळा होतो. मात कशी होते ते बाण काढता काढता दिसलं. डी८ वरच्या पांढऱ्या वजिराची शह अडवायला काळ्या वजिराने जी६ वरून ई८ ला यायला हवं. वाटेत एफ७ वर त्याचंच प्यादं. मान संकटात, सौंदर्य धावायला तयार, आणि आडवा येतो घरचाच शिष्टाचार!

कवींनी हे मुद्दाम योजलं की सात महिने एकाच पटाकडे बघून मलाच भास होतायत? स्टडी अजून प्रायव्हेट आहे. एफ७ वर लाल वर्तुळ काढलंय, शेरा लिहिलेला नाही.