घरी चार्जर नसताना ईव्ही: निव्वळ बाहेरच्या चार्जिंगवर चालवलेल्या गाडीचा अनुभव

ईव्हीचे बहुतेक अनुभव पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर असलेल्या लोकांनी लिहिलेले असतात. रात्री गाडी लावली की सकाळी शंभर टक्के. बाहेरचा चार्जर त्यांना फक्त लांबच्या प्रवासात लागतो. आमची इमारत पुण्यातल्या पेठेतली, जुनी. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, पार्किंग नाहीच. गाडी रस्त्यावर नाहीतर जवळच्या पे-अँड-पार्कमध्ये, त्यामुळे मीटरपासून गाडीपर्यंत वायर ओढण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही ईव्ही घेतली आणि गेले कित्येक महिने ती निव्वळ सार्वजनिक चार्जिंगवर चालते आहे. आमच्यासारख्यांना सगळे एकच सांगतात, घरी सोय नसेल तर ईव्हीच्या नादी लागू नका. मला तो सल्ला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी नेक्सॉन ईव्ही, ४०.५ किलोवॉट-तासाच्या बॅटरीची. कागदावर रेंज ४६५ किलोमीटर आहे. एसी लावून, शहरातल्या गर्दीत मला २८० च्या आसपास मिळते, हायवेवर ताशी १०० ने गेलं तर त्याहून कमी. माझं रोजचं जाणं-येणं पाहता आठवड्याला एक मोठं चार्जिंग पुरतं.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पुण्यात आणि हायवेवर डीसी फास्ट चार्जिंगचा, म्हणजे थेट बॅटरीत झपाट्यानं वीज भरणाऱ्या मोठ्या मशीनचा, दर मला साधारण १८ ते २४ रुपये युनिट पडतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. १० वरून ८० टक्क्यांवर जायला २८ युनिटं लागतात, म्हणजे एका वेळेला सहाशे ते आठशे रुपये. किलोमीटरला तीन ते चार रुपये धरा. याच आकाराची पेट्रोल गाडी शहरात सात-साडेसात रुपये खाते. म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. "एक रुपयात किलोमीटर" हा हिशोब घरी चार्जिंग करणाऱ्यांचा आहे, आपण तो डोक्यातून काढून टाकायचा.

हा जीएसटी मला मनापासून खटकतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं की ईव्ही चार्ज करून देणं ही वीजविक्री नाही, ती सेवा आहे. त्यामुळे वितरणाचा परवाना नसतानाही कुणालाही चार्जिंग स्टेशन काढता आलं, आणि आज हॉटेलं, मॉल, पेट्रोलपंप सगळीकडे मशीनं दिसतात ती त्यामुळेच. निर्णय चांगलाच होता. पण सेवा म्हटली की सेवेवरचा करही आला. घरच्या विजेवर जीएसटी नाही. ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आहे तो स्वस्त वीज वापरतो, आणि जुन्या वाड्यात, चाळीत, भाड्याच्या घरात राहणारा महाग वीज घेऊन वर १८ टक्के भरतो. ईव्ही विकत घेताना जीएसटी ५ टक्के आणि ती चालवायला लागणाऱ्या चार्जिंगवर १८, हे बदलायला हवं.

आता शहरातलं. आठवडी चार्जिंगसाठी मी बरेच पर्याय वापरून पाहिले आणि शेवटी एका पेट्रोलपंपावरच्या ६० किलोवॉटच्या मशीनवर आणि एका मॉलच्या तळघरातल्या एसी, म्हणजे घरच्यासारखी वीज हळूहळू देणाऱ्या, चार्जरवर स्थिरावले. ६० किलोवॉट वाचून हुरळून जाऊ नका. मशीनला दोन गन (गाडीला लावायचे केबलचे प्लग) असतात आणि दोन्हीकडे गाड्या लागल्या की ताकद बहुतेक ठिकाणी वाटली जाते, प्रत्येकीला ३०. शिवाय गाडी किती घेते तेही महत्त्वाचं, १२० च्या मशीनला लावली म्हणून माझी गाडी दुप्पट वेगानं भरत नाही. ८० टक्क्यांनंतर तर बॅटरीच हात आखडता घेते. १० ते ८० जायला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच पुढच्या २० टक्क्यांना. फास्ट चार्जरवर ८० झाले की गन काढायची आणि निघायचं, हा नियम मी काटेकोर पाळते.

मॉलमधला एसी चार्जर संथ, ७.२ किलोवॉटचा. भाजी-किराणा आणि जेवण धरून दोन तास गेले तर १४ युनिटं मिळतात, म्हणजे माझे तीन दिवस निघतात. दर कमी आहे, पण मॉलच्या पार्किंगचे पैसे वेगळे, ते धरूनच हिशोब करायचा. तिथली खरी अडचण अशी की तळघरात मोबाइलला रेंज नाही. ॲपमधून चार्जिंग सुरू करायचं तर रॅम्पवर चढून वर यावं लागतं, "स्टार्ट" दाबायचं, परत खाली जाऊन गन लॉक झाली का ते बघायचं. दीड-दोन मिनिटांत गाडी आणि मशीन यांची बोलणी जुळली नाहीत तर सेशन रद्द, पुन्हा वर. शेवटी त्या कंपनीचं आरएफआयडी कार्ड मागवलं आणि हा जाच संपला. कार्ड टेकवलं की सुरू. तुमच्या नेहमीच्या कंपनीचं कार्ड मिळत असेल तर पहिल्याच आठवड्यात घ्या.

ॲपचा मात्र वैताग आहे. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, प्रत्येकात किमान शिल्लक ठेवायची. माझे पैसे असे ठिकठिकाणी अडकून पडलेत. क्यूआर लावून यूपीआयनं सरळ पैसे घेणारी मशीनं आता दिसायला लागली आहेत आणि तिथं मी आवर्जून जाते. पानाच्या टपरीवर जे होतं ते चार्जरवर व्हायला काय हरकत आहे?

हायवेचा अनुभव मुख्यतः पुणे-कोल्हापूरचा. धाकटी बहीण तिकडे असते, त्यामुळे वरचेवर जाणं होतं. २३० किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट. पुण्यातून ९० टक्क्यांनी निघालं तर कोल्हापूर एका दमात गाठता येतं, पण पोहोचल्यावर काटा इतका खाली असतो की मी सातारा-कराडच्या दरम्यान एकदा थांबतेच. या पट्ट्यात चार्जर भरपूर आहेत. ॲपचा नकाशा उघडा, हिरव्या टाचण्यांची रांग दिसते. पण हिरवी टाचणी म्हणजे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे, एवढंच. एक गन महिनाभर बंद असली, समोर कुणाची डिझेल गाडी लावून ठेवलेली असली, हॉटेल रात्री दहाला गेट लावत असलं, तरी टाचणी हिरवीच.

इतक्या महिन्यांत मी एकच गोष्ट पक्की शिकले: मशीन कोणत्या कंपनीचं, किती किलोवॉटचं, यापेक्षा त्याच्याकडे बघणारं माणूस तिथं आहे की नाही हे आधी पाहायचं.

कराडजवळ एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तीनदा गन लावली, तीनदा स्क्रीनवर "कम्युनिकेशन एरर". वॉचमनकाका लांबून बघत होते. जवळ आले आणि म्हणाले, "ताई, केबलच्या वजनानं ती खाली झुकतीय. जरा वर उचलून धरा की, मग घेतंय ते." त्यांनी स्वतःच गनला खालून तळहाताचा आधार दिला. गाडीतून खट्‌ असा लॉकचा आवाज आला, मशीनमधला पंखा घुमायला लागला, मग त्यांनी हात काढला. डीसी गनची केबल मनगटाएवढी जाड आणि भलती जड असते. सॉकेट थोडं झिजलेलं असेल तर गन पुढून उचलली जाते आणि बारीक पिना नीट टेकत नाहीत. तेव्हापासून "एरर" आला की मी आधी गन खालून उचलून धरते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. काकांकडे एक वही आहे. रांग असली की गाडीचा नंबर आणि आल्याची वेळ लिहून घेतात, म्हणून तिथं वादावादी होत नाही.

याच्या उलट अनुभव त्याच रस्त्यावरच्या एका नव्या, चकचकीत स्टेशनचा. चार गन, वर छप्पर, एकही माणूस नाही. तीन युनिटं भरल्यावर चार्जिंग थांबलं, ॲपमध्ये मात्र सेशन चालू. सेशन चालू असेल तर गन लॉक राहते, म्हणजे गाडी जागेवर खिळली. हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी मशीनचा आयडी विचारला. स्टिकर उन्हानं पांढरा पडलेला, त्यावरचा आकडा दिसेना. शेवटी ॲपमधला नकाशा मोठा करून स्टेशनचं नाव सांगितलं, त्यांनी लांबून मशीन रिसेट केलं आणि गन सुटली. पाऊण तास गेला. पलीकडचा मुलगा शांतपणे बोलला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथं दिवसातून एकदा चक्कर मारणारं कुणी असतं तर स्टिकर बदलला गेला असता, मशीनची कुरबुरही आधी कळली असती. कंपन्या मशीन बसवायला खर्च करतात आणि सांभाळायला हात आखडतात, हे मी ठिकठिकाणी पाहिलं आहे.

म्हणून निघण्यापूर्वी मी प्लगशेअर या ॲपवर त्या जागेबद्दल चार्जिंग करणाऱ्यांनी लिहिलेल्या ताज्या नोंदी वाचते. गेल्या दोन-चार दिवसांत कुणी तिथं गाडी भरली असेल तर निर्धास्त. नोंद जुनी असेल तर हॉटेलला सरळ फोन करते: "चार्जर सुरू आहे का, आज कुणी लावलीय का गाडी?" आणि एकच गन असलेल्या जागेवर भिस्त ठेवून कधीच निघत नाही. पुढचा पर्याय गाठता येईल एवढे टक्के हाताशी हवेतच.

बाईमाणसासाठी आणखी एक मुद्दा आहे आणि तो लिहिलेला मला फारसा दिसत नाही. चार्जर बसवायला ट्रान्सफॉर्मरजवळची, मोकळी जागा सोयीची, म्हणून तो पुष्कळदा हॉटेलच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी असतो. दिवसा ठीक. रात्री साडेनऊला तिथं अंधारात पाऊण तास एकटीनं बसायचं म्हणजे गाडी आतून लॉक करून, गन लावलेली असल्यामुळे हलताही येत नाही अशा अवस्थेत बसायचं. आई बरोबर होती तेव्हा तिला स्वच्छतागृहापर्यंत नेतानाही टॉर्च लावावा लागला. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात, ती उजेडात आणि माणसांत जातात. चार्जिंगला पाऊण तास लागतो, तर तिथं जास्त उजेड हवा. एक चांगला दिवा, एक बाक आणि जवळ स्वच्छ टॉयलेट एवढं असलं तर मी दोन रुपये युनिटला जास्त देऊन तिथंच थांबेन. सध्या रात्रीचा थांबा मी फक्त दर्शनी भागात चार्जर असलेल्या ठिकाणीच घेते, मग पंधरा किलोमीटर पुढे जावं लागलं तरी चालेल.

कोकणात जायचं तर हिशोब बदलतो. कराडहून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाट उतरताना रीजनमुळे, म्हणजे वेग कमी होताना गाडी उलट बॅटरीत वीज भरते त्यामुळे, टक्के घटायच्या ऐवजी वाढतात, परतीला मात्र तो सगळा चढ वसूल करतो, तेव्हा चिपळूणहून निघताना भरपूर भरून निघावं. पावसाळ्यात तिकडे वीज जाते आणि हॉटेलच्या जनरेटरवर फास्ट चार्जर सहसा चालत नाही. म्हणून मामाकडे गेलं की गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या प्लगला लावते. पहिल्यांदा लावला तेव्हा लाल दिवा लागला, गाडी काही घेईना. घराला अर्थिंगच धड नव्हतं. मामांनी गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं परसात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं आणि दिवा हिरवा झाला. गाडी रात्रभरात निम्म्याहून जास्त भरते. गावी ईव्ही नेणार असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, गाडीसाठी आणि घरातल्या माणसांसाठीही.

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्ही कारना टोलमाफीही त्याच धोरणातली. टोलमाफीनं पैसे वाचतात हे खरं, पण मला २५ किलोमीटरचं कलम जास्त मोलाचं वाटतं, आणि ते अमलात आणताना नुसती अंतरं मोजली जाऊ नयेत. चार ठिकाणी एकेक गन ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी चार गन आणि एक माणूस द्या. जोडून आलेल्या सुट्ट्यांत द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला जी रांग लागते ती पाहिली की हे लगेच कळतं. एक गन बिघडली तर चारातल्या तीन चालू राहतात, एकुलती बिघडली तर अख्खा टप्पा कोरडा.

घरी प्लग नसेल आणि ईव्ही घ्यायची असेल तर आधी हे बघा: घर किंवा ऑफिसपासून तीन-चार किलोमीटरच्या आत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, नीट चालणारे डीसी चार्जर आहेत का. आठवड्यातल्या ज्या वेळी तुम्ही जाणार त्या वेळी तिथं प्रत्यक्ष जाऊन उभे राहा, गाडी भरणाऱ्या दोघांशी बोला, टॅक्सीवाले किती वेळ गन अडवतात ते पाहा. संध्याकाळी सात ते दहा टाळा, मी रविवारी सकाळी सातला जाते तेव्हा दोन्ही गन मोकळ्या असतात. रोज शंभराच्या वर किलोमीटर होत असतील तर बाहेरच्या चार्जिंगवर निभणार नाही, तेव्हा घरची किंवा ऑफिसची सोय हवीच. तीस-चाळीस असतील तर खुशाल घ्या.

आणि गाडी लावून चहाला जाणार असाल तर मोबाइल नंबरची चिठ्ठी काचेमागे ठेवून जा. मागे थांबलेल्याला ८० टक्के झाल्यावर एक फोन करता आला की त्याचा अर्धा तास वाचतो.