सुकी मासोळी कुठून घ्यावी: गुजरीतल्या ओट्यावरून की बाजारातल्या टोपल्यातून?

पुण्याकडचे पाहुणे "चला, मंडईत जाऊन मासळी घेऊ" म्हणाले की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, सगळे हसतात. आमची मंडई म्हणजे भाऊबीजेनंतरची जत्रा, दंडार, रात्रभराचं नाटक आणि घराघरात उतरलेले पाव्हणे. रोजचा भाजीबाजार ती गुजरी. आमच्या तालुक्याच्या गावच्या गुजरीवर टिनाचं छत आहे, खाली सिमेंटचे ओटे. फाटकाजवळ चिवडा, शेव, मुर्रा (मुरमुरे), फुटाणे आणि पार मागच्या रांगेत सुकी मासोळी. याच गावचा आठवडी बाजार मात्र उघड्या मैदानात भरतो आणि तिथे मासे धरणाऱ्या ढीवर समाजाच्या बाया टोपली घेऊन बसतात. दर उन्हाळ्यात कुणीतरी मला विचारतंच, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी साठवायची, मासोळी भरायची तर कुठून घ्यायची?

मी उलट विचारतो, तुमच्याकडे भाकर जास्त होते की भात? वऱ्हाडाकडे ज्वारीच्या भाकरीला कोरडी चटणी लागते, वैनगंगेच्या काठी भाताला रस्सा लागतो. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

कोरड्या चटणीसाठी बोंबील. वसई, अर्नाळा, सातपाटीकडे तो वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, टांगून वाळवतात, तोही बहुतेक बिनमिठाचा. ताज्या बोंबलात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते उडालं की काडीसारखं हलकं काहीतरी उरतं. मुंबईहून नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर. एवढं अंतर कापून आमच्या खेड्यात पोचणारा समुद्राचा मासा हाच असायचा, त्याचं कारण हे हलकेपण. डोकं-शेपूट काढून निखाऱ्यावर भाजा, लसूण-मिरचीसोबत कुटा, झालं. रश्शात घातलात तर वांगं सोबतीला हवंच, नुसता घातला तर लगदा होतो.

भातवाल्यांसाठी तलावाची सुक्सी, म्हणजे वाळवलेली बारीक मासोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळचे तलाव हजारोंनी आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी झाले, म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की बारीक मासोळी जाळ्यात ढिगाने येते. जी ताजी खपत नाही ती आंगणात वाळते, काही घरी चुलीच्या धुरावर. धुरावरची ओळखायची असेल तर वास घ्या, थोडा बिडीसारखा येतो. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवून कैरी किंवा चिंच घालून रस्सा करा. काटे असतात, लेकरांना देताना जपून.

आणि झिंगे, म्हणजे सुकी कोळंबी, दोन्हीकडे चालतात, म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त फसगत होते. 'झिंगे' या एका नावाखाली आमच्याकडे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. समुद्राचा जवळा बारीक, फिकट गुलाबी, काळ्या डोळ्यांचा. त्याला नजरेत भरेल अशी नांगी नसते. नदी-तलावाच्या झिंग्याला लांब नांग्या असतात, वाळल्यावर तो तांबूस दिसतो. जवळा खारट. नदीचा झिंगा गोडसर, पण नांग्या-पाय काढायला वेळ खातो. कोरड्या कढईत भाजून सुपात घोळा, सगळा कचरा वेगळा होतो. आंबाडीच्या भाजीत मला नदीचाच आवडतो, चटणीला जवळा. विकणाऱ्याला "समुद्राचे का तलावाचे?" एवढं विचारलंत तरी तो तुम्हाला नवखं गिऱ्हाईक समजत नाही.

आता ओटा की टोपली.

ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा, टोपलीत माप किंवा वाटा. काटा दिसला की लोकांना हायसं वाटतं, मला तसं वाटत नाही. सुकी मासोळी हवेतलं पाणी ओढते, मीठ लावलेली तर फारच. दमट माल काट्यावर घेतला तर पाण्याचे पैसे मोजता. मापाने घेतला तर पाण्याचा तोटा होत नाही, पण फुगीर, पाय-नांग्यांचे झिंगे घेतलेत तर मापात हवाच जास्त भरते. म्हणून माझा हिशेब असा: जवळा मिळाला तर मापाने, कारण तो माप गच्च भरतो, बोंबील काट्यावर, पण कडक असेल तरच. मधोमध वाकवून बघा. कट्कन मोडला तर घ्या, चामड्यासारखा वाकला तर ठेवून द्या. पिवळा पडलेला बोंबील जुना, त्याच्यातलं तेल खवट झालेलं असतं.

ओट्याचा खरा फायदा म्हणजे दुकानदार उद्याही तिथेच असतो. खराब माल निघाला तर परत नेता येतो. टोपलीवाली बाई पुढच्या बाजारी भेटेल किंवा नाही भेटणार. पण तिच्या टोपलीतला माल तिच्याच घरी वाळलेला असतो. कधी वाळवला, मीठ किती लावलं, कोणत्या तलावाचा, सगळं ती सांगते. एकदा शेजारच्या टोपलीतल्या ढिगाकडे बोट दाखवलं तर माझी नेहमीची मावशी हळूच म्हणाली, "कायले घेता भाऊ ते, पानी लागलं हाय त्याले." असा सल्ला ओट्यावर मिळत नाही. बाजूच्या ओट्यावरचा बहुधा त्याचाच चुलतभाऊ असतो.

छताचंही एक सांगतो. छत पावसाला अडवतं तसं उन्हालाही अडवतं. बाजारातली बाई मासोळी दिवसभर उन्हात मांडून बसते, गिऱ्हाईक नसलं तरी माल वाळतच असतो. टिनाखाली तोच माल कोंदट हवेत पडून राहतो. मार्च ते मे हा फरक फारसा जाणवत नाही. पाऊस लागला की चित्र उलटं होतं आणि उघड्या बाजारातून सुकी मासोळी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

तारखेकडेही लक्ष ठेवा. जून-जुलैत किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे आषाढातल्या आखाडीला तुम्ही जो बोंबील घेता तो मे महिन्याचा किंवा त्याआधीचा. मग श्रावण लागतो, खप बसतो. तोच माल टिनाखाली महिनाभर ओल धरतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा पुढे मांडला जातो. करीच्या आदल्या दिवशी भाव उतरलेला दिसला तर हुरळू नका. एका वर्षी मी असाच एक खारवलेला मासा घेतला. घरी येऊन उजेडात धरला तर अंगावर गुलाबी ठिपके. आई म्हणाली हळद असेल. हळद गुलाबी नसते. मिठातच वाढणारे जिवाणू असतात, ते मासा दमट झाला की असा रंग धरतात. उकिरड्यावर टाकला तर मांजरानेही हुंगून सोडला.

मे संपायच्या आत घेतलात तर घरी आणून पुन्हा दोन दिवस कडक ऊन द्या, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. बारीक भोकं दिसली किंवा खाली भुसा पडला तर भुंग्याच्या अळ्या लागल्या समजा. फ्रीजमध्ये जागा असेल आणि घरच्यांची परवानगी असेल तर प्रश्नच मिटला. पहिलीपेक्षा दुसरी गोष्ट कठीण.

खाऊच्या बाबतीत मी फार वेळ घालवत नाही. फाटकाजवळचे चिवड्याचे ढीग डोळ्यांना बरे दिसतात, पण तळलेलं मी गुजरीतून नेत नाही. त्याच कढईत दिवसचे दिवस तेच तेल उकळतं. अन्नसुरक्षेचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे की वापरलेल्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढणारे) 25 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, पण गुजरीत ते मोजायला कोण येतं? शेव तोंडात टाकून बघा. घशाशी चिकटली, खवट वास आला तर पुढे चला. वर्तमानपत्रात बांधून देत असेल तर डबा पुढे करा. शाईचं तेलाशी जमतं, पोटाशी नाही.

कच्चं मात्र मनसोक्त घ्या. बचत गटाच्या बायांच्या ओट्यावर कोहळ्याच्या वड्या, तांदळाचे पापड, कुरड्या, सरगुंडे मिळतात. घरी चांगल्या तेलात तळलं की झालं. मुर्रा आणि फुटाणे फाटकाजवळचेच चांगले, कारण ते रोज भाजले जातात आणि रोज संपतात. बोरकूट आणि मोहाचे लाडू आठवडी बाजारात, जंगलाकडच्या गावांतून येणाऱ्या बाईकडून. तिच्याकडे चारोळीही मिळाली तर शहरापेक्षा बरी पडते. आणि आलुबोंडा बाजारातच, कढईतून थेट हातात, घरी न्यायचा विचारही करू नका.

ज्याला झिंग्याचं, खेकड्याचं वावडं आहे त्याने सुके झिंगेही टाळावेत, वाळवल्याने वावडं जात नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेली मासोळी सोडून बिनमिठाचा बोंबील घ्यावा. ज्यांना दोन्ही चालतं त्यांनी हेही ऐका: बोंबील आणि सुक्या झिंग्यांत शंभर ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आमच्या लहानपणी हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी वांगे-झिंगे झाले की भात कमी पडायचा.

एवढं सगळं वाचून एकच फेरी मारायची असेल तर एप्रिलच्या शेवटी बाजाराच्या दिवशी या. सकाळी मैदानात सुक्सी आणि नदीचे झिंगे, मग छताखाली येऊन बोंबील, जवळा आणि वड्या-पापड. थैल्या मात्र दोन आणा. गेल्या वर्षी मी घाईत जवळा आणि मुर्रा एकाच चुंगडीत भरून एसटीने नागपूरला नेले. बुटीबोरीच्या फार आधीच शेजारची सीट रिकामी झाली, आणि तो मुर्रा वहिनीने धुणीवाल्या बाईच्या मांजरीला घातला.