कॅनव्हासचा टूल रोल : सत्तरीच्या चिखलातले दोन पावसाळे

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर, मी म्हापशाच्या बाजारातील एका हार्डवेअरच्या दुकानातून जाड कॅनव्हासचा टूल रोल, म्हणजे गाडीची हत्यारे भरून गुंडाळून ठेवायचे कापड, विकत घेतला. आत चौदा कप्पे, वरून दुमडून बसणारी एक झापड, बांधायला दोन सुती फिती आणि किरकोळ सुट्या भागांसाठी चेन लावलेला एक लहान पाऊच, एवढे सगळे १,८५० रुपयांना मिळाले. हत्यारे त्यात येत नाहीत, ती ज्याची त्याने भरायची असतात. दोन पावसाळे वापरल्यानंतर त्याविषयी चार गोष्टी खात्रीने सांगता येतील, म्हणून हे लिहितो आहे.

माझी गाडी जुनी मारुती जिप्सी आहे आणि तिचा वापर बहुतेक सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे एका मित्राच्या काजूच्या बागायतीत होतो. गोव्यात गाडी घेऊन कुठेही घुसता येत नाही, हे नव्या माणसाला लवकर कळलेले बरे. दूधसागरची वाट अभयारण्यातून जाते आणि तेथे कुळेहून ठरलेल्या जीपगाड्याच जातात, स्वतःची गाडी नेता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवणे बेकायदा आहे, तरी दर मोसमात कोणी ना कोणी वाळूत रुततोच आणि मग भरतीचे पाणी व पोलीस यांतले आधी कोण पोहोचते एवढाच प्रश्न उरतो. तेव्हा आमच्यासारख्यांसाठी ऑफ-रोडिंग म्हणजे मालकाला विचारून त्याच्या बागायतीत हिंडणे. जांभ्यात खोदलेल्या त्या वाटा उन्हाळ्यात दगडासारख्या असतात आणि जुलैत लोण्यासारख्या होतात. रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) लावलेल्या गाड्या पाहून तसेच सामान जमवणारे पुष्कळ भेटतात, पण अशा फेऱ्यांना त्यातले फारच थोडे लागते.

रोल घेण्याआधी माझ्याकडे शंभरावर नग असलेली प्लॅस्टिकची तयार पेटी होती. त्यातले निम्मे नग इंचांच्या मापाचे होते आणि माझ्या गाडीला इंचाचा एकही नट नाही. उलट चाकाचे नट खोलण्यासाठी लागणारी १९ मिलिमीटरची गोटी (नटावर बसणारे सॉकेट) त्यात होती खरी, पण ती एवढ्या लहान रॅचेटची, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याची, होती की घट्ट बसलेल्या नटावर जोर दिला असता तर रॅचेटच मोडले असते. पहिल्या सहा महिन्यांत पेटीची एक कडी तुटली आणि त्यानंतर प्रत्येक चढणीला आतल्या गोट्या पेटीबाहेर येऊन मागच्या फरशीवर गडगडू लागल्या. तो आवाज इतका सवयीचा झाला की एकदा जॅकचा क्लॅम्प खरोखरच सुटला होता आणि तो खडखडाट गोट्यांचाच समजून मी तसाच पुढे गेलो.

रोलचा खरा उपयोग येथे कळतो. बॉनेटवर तो उलगडला की कोणता कप्पा रिकामा आहे हे एका नजरेत दिसते, आणि काम संपल्यावर कप्पा रिकामा असेल तर हत्यार अजून इंजिनावर किंवा चिखलात पडले आहे हे निघण्यापूर्वीच समजते. पेटीत ही सोय नसते, कारण झाकण लावल्यावर भरलेली पेटी आणि दोन नग हरवलेली पेटी सारखीच दिसते. माझ्या रोलमध्ये ८ पासून १९ पर्यंतचे, गाडीला लागतात तेवढेच रिंग आणि फिक्स पाने आहेत, शिवाय अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचे एक रॅचेट, चार गोट्या, पक्कड, लॉकिंग प्लायर, दोन स्क्रू-ड्रायव्हर, ॲलन कीचा जुडगा, लोखंड कापायचे हॅक्सॉ ब्लेड आणि छोटी हातोडी. हे सामान मी अंदाजाने भरले नाही. एका रविवारी अंगणात गाडीखाली निजून, रस्त्यावर उघडावा लागेल असा प्रत्येक नट एकदा सैल करून पुन्हा आवळला आणि जो पाना हातात आला तोच रोलमध्ये गेला. जो एकदाही लागला नाही तो घरीच राहिला. सगळे भरल्यावर वजन साडेसात किलोंच्या आसपास झाले.

गेल्या वर्षी जुलैत या रोलची परीक्षा झाली. बागायतीतल्या एका चढणीवर क्लचचे पेडल एकदम तळाला गेले आणि वर आलेच नाही. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो आणि ती केबल तुटली होती. पाऊस संततधार होता, संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि मी मोठ्या ऐटीत रोल बॉनेटवर ठेवला, तर तो उघडेना. सुती फिती पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि त्यांची गाठ इतकी घट्ट झाली होती की ओल्या बोटांनी ती हलेना. सोबत असलेल्या भाच्याने टॉर्च धरून विचारले, "मामा, कापू का?" कापली असती तर पुढे रोल बांधायला काहीच उरले नसते, म्हणून शेवटी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गाठीत खुपसावे असे ठरले, पण स्क्रू-ड्रायव्हरही रोलच्या आतच होता. गाठ दातांनी सोडवली. तोंडात जांभ्याच्या चिखलाची जी चव आली ती अजून आठवते.

रोल उघडल्यावर मात्र एकही हत्यार शोधावे लागले नाही. हवा तो पाना अंधारातही चाचपून हाती येत होता, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पुढचा घोटाळा रोलचा नव्हता, माझा होता. पाऊचमध्ये जपून ठेवलेली नवी कोरी केबल बाहेर काढली, एक टोक बसवले, आणि दुसरे टोक दोन बोटे आखूड पडले. दुकानात मी गाडीचे नाव सांगितले होते, साल सांगितले नव्हते, आणि दुकानदाराने ते विचारलेही नव्हते. पुडके न फोडता ती केबल वर्षभर गाडीत फिरत होती. त्या रात्री इंजिन बंद करून, लो रेंजमध्ये (फोर-व्हील गाडीच्या सर्वांत संथ, जोरदार गिअरमध्ये) पहिला गिअर टाकून स्टार्टर मारायचा आणि गाडी तशीच सरकत चालू करायची, अशा पद्धतीने आम्ही वाळपईपर्यंत आलो. दर थांब्याला इंजिन बंद, दर निघण्याला स्टार्टर. बॅटरी चांगली होती म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या ज्या मेस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी अनेक वर्षे खाणीवरच्या टिपरची कामे केली आहेत आणि २०१२ साली खाणी थांबल्यापासून ते छोट्या गाड्या पाहतात. त्यांनी आखूड केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "नवीन सामान कधी पिशवीत ठेवू नये हो. नवीन गाडीला घालायचे आणि चालू स्थितीत काढलेले जुने पिशवीत ठेवायचे. ते बसते हे आपल्याला ठाऊक असते." तेव्हापासून इंजिनाचा पट्टा आणि केबल मी याच रीतीने ठेवतो. काढलेल्या भागावर काढल्याची तारीख कागदी टेपवर लिहून चिकटवतो आणि ज्या पान्याने तो निघाला त्याचा आकडाही तेथेच लिहितो.

आता रोलचा मोठा दोष. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सुती कॅनव्हास एकदा भिजला की ते पाणी आठवडाभर सोडत नाही, आणि गुंडाळलेल्या स्थितीत तर मुळीच नाही. पहिल्या पावसाळ्यात, गणेश चतुर्थीच्या सुमारास रोल उघडला तेव्हा कप्प्यांच्या तळाशी काळी बुरशी होती, पक्कडीचा सांधा जाम झाला होता आणि जिथे मुलामा उडाला होता तिथे पान्यांवर तांबूस गंज होता. प्लॅस्टिकच्या पेटीत एवढा गंज कधी आला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुकानदाराने कापडाला मेण लावलेले आहे असे सांगितले होते. ते असलेच तर बाहेरून असावे, कप्प्यांच्या आत पाणी सरळ मुरते. आता मी पावसाळ्यात दर फेरीनंतर हत्यारे बाहेर काढतो, तेलाच्या फडक्याने पुसतो आणि रोल स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरमागे टांगतो. घरात याबद्दल जे बोलले जाते ते येथे लिहीत नाही. कोरड्या मुलखात राहणाऱ्याला हा दोष जाणवणारही नाही, कोकण-गोव्याच्या माणसाने मात्र कॅनव्हासऐवजी रेक्झिन किंवा ताडपत्रीच्या कापडाचा रोल मिळतो का ते आधी पाहावे.

रंगाविषयीही तक्रार आहे. रोल आतून बाहेरून खाकी आहे आणि चिखलात खाली पडला तर चिखलाचाच भाग वाटतो. आतून नारिंगी किंवा पिवळे कापड असते तर नट-बोल्ट काढून त्यावर ठेवता आले असते. १० ची गोटी सत्तरीच्या मातीत कायमची राहिली ती यामुळेच, असे मी स्वतःला सांगतो.

सोबतचा पाऊच मात्र अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. चेन जाड दातांची आहे, चिखलाने अडत नाही. त्यात मी फ्यूज ठेवतो, १० चे लाल, १५ चे निळे, २० चे पिवळे आणि ३० चे हिरवे, दोन-दोन नग. त्याशिवाय रेडिएटरच्या होजचे दोन क्लॅम्प, टायरचे वॉल्व्ह कोअर, केबल टाय, बायंडिंग तार, एम-सील आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. शेवटची वस्तू फुकट मिळते आणि तडकलेल्या होजवर ताणून गुंडाळली की घरापर्यंतचे काम भागते, फक्त इंजिन पुरते थंड झाल्यावरच हात लावायचा.

रोलमध्ये काय बसत नाही हेही जाणून घ्यावे. जॅक, चाकपाना, हवा भरायचा कॉम्प्रेसर, रुतलेली गाडी ओढायचा पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, यांची सोय वेगळी करावी लागते. जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या पुढे, फरशीला चिकटून, पट्ट्याने आवळलेल्या असाव्यात. पट्टा आणि ४.७५ टनांचे दोन शॅकल मात्र मी पुढच्या सीटखाली ठेवतो, कारण एकदा गाडी मागच्या बाजूने बांधाला टेकून रुतली होती, मागचे दार उघडायला जागा नव्हती आणि पट्टा नेमका मागे होता. टूल रोल सीटच्या मागे उभा बसतो आणि भरलेला असला की जराही वाजत नाही, हा त्याचा मला सर्वांत जास्त आवडलेला गुण आहे.

शिवणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दुहेरी टाके कुठेही उसवले नाहीत, पितळी आयलेट हिरवट पडले तरी घट्ट आहेत. १७ आणि १९ चे कप्पे उथळ असल्याने ते पाने दोन बोटे वर राहतात आणि झापड त्यांच्यावर नीट बसत नाही.

फितींचा प्रश्न मी परस्पर सोडवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे रोल नेला, सुती फिती काढून शाळेच्या दप्तराला असतात तसे नायलॉनचे पट्टे आणि प्लॅस्टिकची बकले लावून घेतली. त्याने १२० रुपये घेतले आणि विचारले, "आतूनही रेक्झिन लावून देऊ का?" तेवढ्याने रोल जाड होऊन सीटमागे बसणार नाही, म्हणून नाही म्हटले. या जूनमध्ये बकल दोनदा भर पावसात, एका हाताने उघडले आहे.