चिखलदऱ्याची खोली आणि ‘रिफंड’चा डाव

या उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जायचं घरात ठरत असेल आणि लॉजचा नंबर मोबाइलवर शोधणार असाल, तर आधी हे वाचा. आमचे ७,२०० रुपये गेले. त्यातले आगाऊ बुकिंगचे फक्त १,२०० होते. बाकीचे सहा हजार ‘पैसे परत येतात’ या एका शब्दावर काढून घेतले.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, कोरडवाहू शेतीवाले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी कूलरसुद्धा गरम वारा फेकतो आणि विदर्भातल्या शाळा जून संपत येईपर्यंत उघडत नाहीत. एवढे दिवस लेकरांना घरात कोंडून ठेवणं जिवावर येतं. तूर विकली, त्यातून बियाण्या-खताचे पैसे बाजूला ठेवले आणि ९,००० रुपये सुट्टीसाठी काढले. एसटीचा हिशेब छान बसत होता. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. सासूबाई, मी आणि दोन लेकरं अर्ध्यात, पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं. पाच माणसं तीन तिकिटांत. अमरावती, परतवाडा आणि मग घाट. घासाघीस करायची ती फक्त खोलीची.

मोबाइलवर शोधलं तर पहिलंच नाव एका खऱ्या लॉजचं आलं. फोटो खरे, पत्ता खरा, नंबर मात्र चोराचा. नकाशावरच्या माहितीत बदल कोणीही सुचवू शकतं आणि दुसऱ्याचे फोटो लावून नवं पान उघडायला कोणाची परवानगी लागत नाही, हे आम्हाला नंतर सायबर पोलिसांनी सांगितलं. फोन उचलणारा आपल्याच बोलीत बोलला. “भाऊ, शनिवार-रविवार फुल्ल हाये. सोमवारची एकच खोली उरली. नाश्त्यासकट बाराशे रोज. लेकराबाळांले घेऊन बिनधास्त या.” दोन मुक्कामांचे २,४००, त्यातले अर्धे आगाऊ. पैसे पाठवताना स्क्रीनवर लॉजचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे, “ते आमच्या अकाउंटंटचं खातं हाये.” लगेच व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली पावती आली.

इथपर्यंतची फसवणूक बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पुढचं नीट लक्षात ठेवा.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. “भाऊ, आमचं सॉफ्टवेअर अर्धी रक्कम घेत नाही. पूर्ण २,४०० एकदम टाका, आधीचे बाराशे आपोआप परत येतील.” ते टाकले. मग म्हणे एन्ट्री अडकली, आता सगळे ३,६०० परत करावे लागतील, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, फोन कट करू नका. ‘कट करू नका’ हाच त्यातला कावा. माणूस कानात सारखा बोलत राहिला की स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला सवड मिळत नाही. स्कॅन केलं, पिन टाकला आणि आणखी ३,६०० गेले. त्यानंतर त्यानं ४,९९९ चा नवा कोड पाठवला. तेव्हा सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “पैसे त्याले द्याचे हायेत ना? मंग तो आपल्यालेच काहून मांगून राह्यला?” तिथे थांबलो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. ज्याला बाराशे रुपये म्हणजे काहीच नाहीत, तो पहिल्याच वेळी फोन ठेवून देईल. ज्याच्यासाठी ते बाराशे म्हणजे लेकरांचा एक मुक्काम आहे, तो ते सोडवायला आणखी टाकतो. हा डाव काटकसरीनं जगणाऱ्या माणसावरच चालतो, आणि त्याच्यासाठीच तो रचलेला आहे.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला, फोन वापरणाऱ्या पोरांनाही, एवढं पाठ करून द्या: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. लॉजच्या नावाऐवजी कोण्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. पर्यटन महामंडळाचं चिखलदऱ्याला स्वतःचं निवासस्थान आहे, त्याचं बुकिंग महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. बाकी लॉजसाठी परतवाडा-अचलपूरकडचं ओळखीचं कोणी असेल तर त्याला प्रत्यक्ष विचारायला सांगा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरू आणि पर्यटकांना खोट्या हॉटेल-बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. आमच्या गावात तो कोणाच्याही कानावर आला नव्हता.

पैसे गेले असतील तर रडत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पावती, चॅट, नंबर काहीही डिलीट करू नका. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो, म्हणून उशीर केला तर हाती काही लागत नाही. आमचे शेवटचे ३,६०० समोरच्या खात्यात रोखले गेले. ते परत मिळतील, असं पोलीस ठाण्यात सांगितलं. आधीचे दोन्ही हप्ते तोवर पुढे निघून गेले होते.

खऱ्या लॉजवाल्याशीही मग बोलणं झालं. खोट्या पावत्या घेऊन लोक लेकरांसकट त्याच्या दारात येऊन उभे राहतात, असं तो सांगत होता.

लेकरांना आम्ही तरी नेलंच. परतवाड्याला मामेसासऱ्यांकडे उतरलो, सकाळच्या एसटीनं वर, संध्याकाळी खाली. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात, पण गाविलगड किल्ला आणि भीमकुंड पाहून झालं, शिदोरी घरचीच होती.

चोराचा तो नंबर आता दुसऱ्याच लॉजच्या नावानं दिसतो. तुम्हाला असा फोन किंवा मेसेज आला आणि पैसे अजून गेलेले नसले, तरी गप्प बसू नका. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर टाका. आम्ही टाकला आहे. जितके जण टाकतील तितकं बरं.