आठ महिन्यांनंतर: घरचे वाय-फाय, आगंतुक पाहुणे आणि नवा राउटर

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरचे इंटरनेट दर महिन्याच्या २० तारखेनंतर रखडू लागले. आमच्या फायबर योजनेला महिन्याला १,००० जीबींची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की वेग इतका उतरतो, की साधा व्हिडिओ कॉलही धड होत नाही. चार माणसांच्या घरात एवढा डेटा संपतो कसा, हे पाहण्यासाठी इंटरनेट कंपनीने बसवलेल्या पेटीचे पान ब्राउझरमध्ये उघडले. (पान उघडण्याचे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड दोन्ही 'अॅडमिन'च होते, हे तेव्हा प्रथम लक्षात आले.) घरात मोजून ११ उपकरणे होती, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत १९ नावे होती.

पासवर्ड बाहेर कसा गेला, याचा शोध फार लांब जावे न लागता लागला. जोडणी देताना तंत्रज्ञाने माझा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवला होता, आणि तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटातील प्रत्येकाकडे आहे. तसा नसता, तरी फार फरक पडला नसता. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटींच्या आतच राहतात. आणि फोन वाय-फायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण कोणी हवेतून टिपली, तर बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक एवढ्या शक्यता काही तासांत पडताळून पाहू शकतो. भर म्हणून आमच्या भाच्याने खालच्या मजल्यावरील एका मित्राला फोनमधील क्यूआर कोड दाखवला होता. त्या कोडखाली पासवर्ड अक्षरांतही छापलेला दिसतो, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हते.

काही जण म्हणाले, की शेजाऱ्यांनी थोडे इंटरनेट वापरले तर बिघडले कुठे? बिघडते ते डेटापुरतेच नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील स्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वाय-फायवरून पाठवला गेला होता, आणि चौकशीचा पहिला ससेमिरा त्याच्याच मागे लागला.

पेटीत सोयी फारच तुटपुंज्या असल्यामुळे डिसेंबरात सुमारे तीन हजार रुपयांचा, डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए२ नंतरची पद्धत) असलेला, दोन लहरपट्ट्यांवर चालणारा राउटर घेतला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण खाली सांगितलेल्या सोयी या किमतीच्या बहुतेक राउटरमध्ये मिळतात. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा पिन देऊन जोडण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद केली. तिची पिन दिसायला आठ अंकी असते, पण तिचे दोन भाग वेगवेगळे तपासले जातात आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. ही त्रुटी २०११ सालीच जगजाहीर झाली होती. नवा पासवर्ड एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या चार मराठी शब्दांचा, रोमन लिपीत ठेवला.

त्यानंतर मी जी चूक केली, तिच्यासाठीच हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. नव्या राउटरच्या यादीत फक्त घरचीच उपकरणे दिसत होती, आणि तरीही जानेवारीत आणि फेब्रुवारीतही डेटा वेळेआधीच संपला. राउटर सदोष निघाला, असे समजून मी तो परत करण्याच्या बेतात होते. मग एका संध्याकाळी लक्षात आले, की सासूबाईंचा फोन राउटरच्या यादीत कुठेच नाही, आणि तरीही त्यांचे यूट्यूबवरचे कीर्तन अखंड सुरू आहे. कंपनीची जुनी पेटी स्वतःचे वाय-फाय पूर्वीच्याच नावाने आणि पूर्वीच्याच पासवर्डने प्रसारित करत होती! नवा राउटर तिच्या पुढे जोडलेला असल्यामुळे तिच्यावर थेट लटकलेली मंडळी त्याला दिसणे शक्यच नव्हते. दाराला नवे कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवावी, असा तो प्रकार होता. पेटीचे वाय-फाय बंद केल्यावर मार्चमध्ये प्रथमच महिनाअखेर ४०० जीबींहून अधिक डेटा शिल्लक राहिला. मे महिन्यात कंपनीने पेटीची प्रणाली दुरून अद्ययावत केली, तेव्हा ते वाय-फाय पुन्हा आपोआप सुरू झाले. मात्र तोवर नजर ठेवण्याची सवय लागली होती.

नवे उपकरण जोडले गेले, की मोबाइलवर सूचना देण्याची सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होती. प्रत्यक्षात तिचा मनस्तापच अधिक झाला. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) न सांगता बनावट पत्ता सांगतात, आणि फोनमधून जोडणी पुसून पुन्हा केली, की काही वेळा तोही बदलतो. अशाच एका 'अनोळखी' उपकरणाला मी मोठ्या तत्परतेने रोखले आणि दुसऱ्या क्षणी यजमानांनी बैठकीच्या खोलीतून हाक मारली, की ऐन कार्यालयीन बैठकीत नेट गेले. मॅक पत्त्यांची परवानगी-यादी करण्याचाही प्रयोग केला आणि महिनाभरात सोडून दिला. हे पत्ते हवेतून उघडे जात असल्यामुळे जाणकाराला त्यांची नक्कल करणे अवघड नसते. त्रास होतो तो आपल्यालाच. वाय-फायच्या जाळ्याचे नाव लपवणे मला याहूनही निरुपयोगी वाटले.

खरा उपयोग झाला तो पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्याचा. आपण पासवर्ड वर्षानुवर्षे बदलत नाही, याचे कारण आळस नसून तो प्रत्येक टीव्हीत, छपाईयंत्रात आणि दिव्यात पुन्हा भरण्याची कटकट हे असते. आता मुख्य पासवर्ड घराबाहेर कोणालाही ठाऊक नाही, आणि पाहुण्यांचा पासवर्ड मी महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलते. त्याला दोन मिनिटे लागतात आणि कोणालाही तोंडावर नकार द्यावा लागत नाही. या जाळ्यावरील फोनला घरातील संगणक दिसत नाहीत, हे उत्तम. मात्र त्याच कारणाने भाच्याला छपाई करता येत नाही आणि टीव्हीवर छायाचित्रे दाखवता येत नाहीत, त्याबद्दल त्याची तक्रार कायम आहे.

डब्ल्यूपीए३ विषयी एक अडचण नोंदवायला हवी. आमचे जुने छपाईयंत्र डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांच्या मिश्र पर्यायावरही जोडले गेले नाही. त्याच्यासाठी जाळे दुबळे करण्यापेक्षा मी ते सरळ तारेने राउटरला जोडले.

खालच्या मजल्यावरील मुलांशी भांडण केले नाही. विनापरवानगी वापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत येतो, हे एकदा जिन्यात सहज बोलण्याच्या ओघात सांगितले. पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे स्वतःची जोडणी आली. ती देणारा तंत्रज्ञ आमचाच होता, आणि त्यांचा पासवर्ड काय असेल, हे मी पाहिलेले नाही. आमची पेटी पुढच्या आठवड्यात बदलली जाणार आहे. तंत्रज्ञ गेल्यावर नव्या पेटीचे वाय-फाय लगेच बंद करायचे, अशी नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवली आहे.